पैसे भरण्याआधी विचार: पत्र कोण लिहिणार?

वाचकाचं पत्र:

मॅडम, मी एमबीबीएसची इंटर्न आहे. इंटर्नशिपचे सात महिने बाकी आहेत. अमेरिकेच्या परवाना परीक्षेतली स्टेप वन पास झाले, पुढच्या स्टेप टू सीकेची तयारी चालू आहे. कॅज्युअल्टीतली पोस्टिंग झाल्यापासून इमर्जन्सी मेडिसिनशिवाय दुसरं काही करावंसं वाटत नाही, आणि रेसिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, अमेरिकेत करायची इच्छा आहे. एका कन्सल्टन्सीने चार आठवड्यांचं ‘इमर्जन्सी हँड्स-ऑन रोटेशन’ देऊ केलं आहे. जागा अमेरिकेतल्या एका अर्जंट केअर क्लिनिकमध्ये. इंटर्नशिप संपल्यावर जायचं आणि शेवटी लेटरहेडवर शिफारसपत्र मिळेल म्हणतात. फी भरपूर आहे, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. बाबा कर्ज काढायला तयार आहेत, पण माझाच जीव होत नाही. बॅचमधले म्हणतात, इमर्जन्सी आयएमजीला, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरला, मिळतच नाही, सरळ इंटर्नल मेडिसिनला अर्ज कर. पैसे भरू का? आणि गेलेच, तर तिथल्या ईडीत (इमर्जन्सी विभागात) माझा निभाव कसा लागेल, याचीही धास्ती आहे.
एक इंटर्न

प्रिय डॉक्टर,

पैसे भरू नकोस. या रोटेशनसाठी तर नाहीच. पण नुसत्या नकारावर थांबू नको, त्यामागचं कारण समजून घे, कारण उद्या दुसरं कुणी वेगळ्या नावाने हेच विकायला येईल.

अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र म्हणजे लेटरहेडवरचं पानभर कौतुक नसतं. तिथे एसएलओई लागतं, म्हणजे स्टँडर्डाइज्ड लेटर ऑफ इव्हॅल्युएशन. बोलताना सगळे ‘स्लो’ म्हणतात. इमर्जन्सी रेसिडेन्सीच्या डायरेक्टरांची कॉर्ड नावाची संघटना आहे, तिने ठरवून दिलेला हा फॉर्म. त्यात प्रश्न नेमके असतात. विद्यार्थी कामाला कसा आहे? डिफरन्शियल, म्हणजे संभाव्य आजारांची यादी, मांडून ते पटवून देता येतं का? टीममध्ये कसा वागतो? रुग्णाला त्याची आपुलकी जाणवते का? रेसिडेन्सीत त्याला किती हाताला धरून शिकवावं लागेल? आणि डायरेक्टरांची नजर सगळ्यात आधी जाते तो प्रश्न असा: बाकीच्या उमेदवारांच्या तुलनेत हा वरच्या, मधल्या की खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो? हे पत्र सहसा एकटादुकटा डॉक्टर लिहीत नाही. तू ज्यांच्याबरोबर शिफ्ट केल्या, त्या सगळ्यांच्या नोंदी समोर ठेवून विभागातले काही जण मिळून ते लिहितात. ते वाचण्याचा हक्क उमेदवार अर्जातच सोडून देतो, म्हणून लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

आता तुझं क्लिनिक बघ. अर्जंट केअरमध्ये घसादुखी, मुरगळलेला घोटा, लघवीची जळजळ असे रुग्ण येतात. छातीत दडपण आलंय म्हणणाऱ्याला तिथूनच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून ईडीत पाठवतात. तिथल्या डॉक्टरने तुझी कितीही स्तुती केली, तरी ‘गजबजलेल्या ईडीत ही मुलगी कशी वागते’ याचं उत्तर त्याच्याकडे नाही. डायरेक्टरला हवं असतं तेच उत्तर.

म्हणून कुठल्याही रोटेशनला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी ईमेलवर लेखी विचार. त्या हॉस्पिटलमध्ये एसीजीएमईची (रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेली इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी आहे का? मला रुग्ण स्वतः तपासता येतील, की फक्त मागे उभं राहून बघायचं? आणि रोटेशन संपल्यावर माझ्यासाठी स्लो लिहिलं जाईल का, लिहिलं तर कोण लिहिणार? मान्यताप्राप्त प्रोग्रामची यादी एसीजीएमईच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच पडताळू शकतेस. तिसऱ्या प्रश्नावर ‘स्ट्राँग लेटर देऊ’ असं गोलमोल उत्तर आलं, तर ते नाहीच समज. फी घेतली म्हणजे फसवणूक, असा मात्र अर्थ काढू नकोस. चांगली विद्यापीठंही बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याकडून चार आठवड्यांचे हजारो डॉलर घेतात. पैसे कुणाला जातात यापेक्षा त्या पैशांत शिकवणार कोण आणि सही कुणाची, हे बघायचं.

पत्रातल्या एका वाक्याने मला या कन्सल्टन्सीपेक्षाही जास्त काळजी वाटली: ‘इंटर्नशिप संपल्यावर जायचं.’ तुझ्या हातातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट स्टेपचा स्कोअर नाही. तू अजून विद्यार्थी आहेस, ही आहे. अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलची इलेक्टिव्ह आणि सब-इंटर्नशिप ही विद्यार्थ्यांसाठी असतात. विद्यार्थी कुठल्यातरी कॉलेजच्या नावावर असतो, त्याचा मालप्रॅक्टिसचा (उपचारातल्या चुकीसाठीचा) विमा काढता येतो, शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याने रुग्णाला हात लावणं नियमात बसतं. पदवी हातात पडली की हे कवच जातं, आणि रेसिडेन्सीत शिरल्यावर मिळणारा प्रशिक्षणाचा परवाना अजून आलेला नसतो. या मधल्या काळात बहुतेक हॉस्पिटलं फक्त ऑब्झर्व्हरशिप देतात. हात मागे बांधून बघायचं, नोट लिहायची नाही, रुग्णाला तपासायचं नाही. आणि ज्याने काम केलेलंच नाही, त्याच्या कामाचं मूल्यमापन करणारं स्लो लिहायचं तरी कशावरून? पदवीनंतर ‘हँड्स-ऑन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रोटेशनबद्दल मी म्हणूनच सावध करते. हात नेमका कुठल्या परवान्याखाली आणि कुणाच्या विम्यावर लावायचा, हे विचारलं की बऱ्याचदा पलीकडून उत्तर येत नाही.

एमबीबीएसची पदवी इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, हे तुझ्या पथ्यावर पडणारं आहे. काही अमेरिकी विद्यापीठं इंटर्नला अंतिम वर्षाचा विद्यार्थी धरतात, काही धरत नाहीत. म्हणून अर्ज भरण्याआधी तिथल्या व्हिजिटिंग स्टुडंट ऑफिसला सरळ लिही की माझी लेखी परीक्षा झाली आहे, सक्तीची इंटर्नशिप चालू आहे, पदवी अमुक महिन्यात मिळेल, मी पात्र आहे का? लपवाछपवी नको, कारण डीनच्या पत्रात तारखा येतातच. बरीच विद्यापीठं अर्ज व्हीएसएलओ या एएएमसीच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) पोर्टलवरून घेतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्यात शिरायचं तर त्याचं कॉलेज त्या जाळ्यात सामील असावं लागतं. तुझं कॉलेज नसेल, तर परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज थेट घेणारी विद्यापीठं शोधावी लागतील. ती कमी आहेत, पण आहेत. तुझ्या डीन ऑफिसकडून आणखी एक गोष्ट लागेल, ती म्हणजे रजा. इंटर्नला रजा मोजकीच मिळते, महिनाभर बाहेर गेलीस तर इंटर्नशिप तेवढी लांबेल. लांबू दे. एक-दोन महिने उशिरा पदवी घेतल्याने तुझं काही बिघडत नाही.

वेळेचंही गणित मांड. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरमध्ये प्रोग्रामकडे जातात, मॅचचा, म्हणजे जागावाटपाचा, निकाल मार्चमध्ये लागतो. म्हणजे स्लो अर्जाबरोबर पोचायचं असेल, तर रोटेशन त्याआधीच्या तिथल्या उन्हाळ्यात, उशिरात उशिरा ऑगस्टपर्यंत व्हायला हवं. मुलाखतीला बोलावण्यासाठी बहुतेक प्रोग्रामना किमान एक स्लो हवं असतं, दोन असतील तर उत्तम, आणि तीही दोन वेगळ्या ठिकाणची. रोटेशनच्या जागांची वाटणी त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. सात महिने बाकी आहेत म्हणतेस, त्यातला पहिला आठवडा ईमेल लिहिण्यात गेला पाहिजे.

तुझ्या बॅचचं म्हणणं अर्धं खरं आहे. इमर्जन्सीच्या बहुतांश जागा अमेरिकेतलेच एमडी आणि डीओ (तिथल्या दोन वैद्यकीय पदव्या) पदवीधर भरतात. इंटर्नल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिनमध्ये आपल्यासारख्यांची संख्या कितीतरी जास्त आहे. पण दार कायमचं बंद आहे, हेही खरं नाही. २०२३ च्या मॅचमध्ये इमर्जन्सीच्या ५५४ जागा पहिल्या फेरीनंतर रिकाम्या राहिल्या. जागा झपाट्याने वाढल्या होत्या, आणि पुढे नोकऱ्या मिळतील का या भीतीने व कोविडकाळात ईडीची झालेली दमछाक पाहून अमेरिकी विद्यार्थी मागे हटले होते. त्यानंतर अनेक प्रोग्राम आयएमजींचे अर्ज जास्त गांभीर्याने पाहू लागले. २०२४ मध्ये हाच आकडा १३५ वर आला. म्हणजे २०२३ च्या गोष्टी सांगून कुणी तुला ‘इमर्जन्सी आता सोपी आहे’ म्हणालं, तर त्यावर विसंबू नकोस. आयएमजी आजही घेतले जातात. घेतले जाणारे बहुधा असे असतात की ज्यांच्या कागदांवर एखाद्या रेसिडेन्सीवाल्या ईडीने ‘आम्ही हिला काम करताना बघितलं आहे’ असं लिहिलेलं असतं.

त्यामुळे माझं मत असं: इमर्जन्सीचं एक खरं रोटेशन मिळव, जमलं तर दोन, आणि एक इंटर्नल मेडिसिनचं कर. दोन्ही शाखांना अर्ज कर, पण पर्सनल स्टेटमेंट वेगवेगळं लिही आणि पत्रं वेगवेगळी लाव. इंटर्नल मेडिसिनला दुय्यम मानून अर्ज केलास तर मुलाखतीत ते लगेच कळतं, म्हणून तिथे जाण्याची तयारी मनापासून असेल तरच अर्ज कर. आणि विद्यार्थी म्हणून एकही रोटेशन मिळालं नाही, तर ईडीतल्या ऑब्झर्व्हरशिपसाठी बाबांना कर्जात घालू नकोस. त्यापेक्षा इथल्याच चांगल्या इमर्जन्सी विभागात नोकरी धर. भारतात इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला २००९ मध्ये मान्यता मिळाली आणि आता ही शाखा शिकलेले सीनियर बऱ्याच विभागांत आहेत. त्यांच्या हाताखाली वर्ष काढलंस, तर मुलाखतीत तुला त्याबद्दल जास्त बोलता येईल.

आता तुझी धास्ती. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपली मुलं तिथे ज्ञानात क्वचित कमी पडतात. ती मागे पडतात केस सांगण्यात.

आपल्याला वॉर्डात शिकवलंय की तक्रार, मग सध्याच्या आजाराचा इतिहास, मागचे आजार, कौटुंबिक, वैयक्तिक, जनरल एक्झामिनेशन, एकेक सिस्टीम, आणि सगळ्यात शेवटी, सरांनी विचारलंच तर, प्रोव्हिजनल डायग्नोसिस. ईडीतल्या अटेंडिंगकडे, म्हणजे जबाबदार सीनियर डॉक्टरकडे, तुझ्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात आणखी दहा रुग्ण असतात. तिला ऐकायचं असतं की तुला कशाची भीती वाटते आणि तू काय करणार आहेस. ईडीत आधी जीवघेणं काय असू शकतं ते बघतात, सर्वात संभवनीय काय ते नंतर. छातीत दुखणारा रुग्ण बघून बाहेर आलीस, तर असं सांग (इतर वाचकांसाठी: एसीएस म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा अचानक अडणं, डिसेक्शन म्हणजे महाधमनी आतून फाटणं, पीई म्हणजे फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, आणि ट्रोपोनिन ही हृदयाची इजा दाखवणारी रक्ताची तपासणी):

“५२ वर्षांच्या बाई, रक्तदाब आणि मधुमेह आहे. दोन तासांपूर्वी जिना चढताना छातीत दडपण सुरू झालं, डाव्या हाताकडे जातंय, घाम आला होता. मला पहिली भीती एसीएसची आहे. डिसेक्शनचा विचार केला, पण दुखणं फाडल्यासारखं नाही, पाठीकडे जात नाही, दोन्ही हातांचं बीपी सारखं आहे. पीई कमी संभवनीय वाटतो, ऑक्सिजन आणि नाडी ठीक आहे, पाय सुजलेला नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आहे. ट्रोपोनिन यायच्या आधीच हार्ट स्कोअर चार होतोय. अ‍ॅस्पिरिन द्यावं, ट्रोपोनिन आत्ता आणि पुन्हा, छातीचा एक्स-रे, आणि अर्ध्या तासात ईसीजी परत काढावा. पहिलं ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं तरी मी यांना घरी सोडणार नाही, ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवायला सांगेन.”

मोजून बघ, हे मिनिटभरात होतं. यात कुटुंबाचा इतिहास नाही, पोट मऊ आहे हे नाही. विचारलं तर सांगता येईल इतकं ते तुला माहीत हवं, एवढंच. हार्ट स्कोअर तोंडपाठ नव्हे तर समजून ये: इतिहास, ईसीजी, वय, जोखमीचे घटक आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला शून्य ते दोन. या बाईंचा इतिहास टिपिकल म्हणून दोन, वयाचा एक, रक्तदाब-मधुमेहाचा एक. चार ते सहा म्हणजे मध्यम धोका, म्हणून घरी पाठवणं नाही. तुझा प्लॅन चुकला तरी चालेल. अटेंडिंग तो दुरुस्त करेल आणि त्यातूनच शिकवेल. पण ‘मॅडम, पुढे काय करू?’ म्हणून थांबलीस, तर स्लोमध्ये ‘बरंच मार्गदर्शन लागेल’ असं येतं. आपल्याकडे सीनियरसमोर स्वतःचं मत मांडणं आगाऊपणा वाटतो. तिथे मत न मांडणाऱ्याने विचारच केलेला नाही, असं धरतात. अटेंडिंगला नेहमीसारखं ‘डॉक्टर’ म्हणून आदराने बोल, आणि मत मात्र ठामपणे सांग.

केस सांगितली की काम संपत नाही. दुसरा ईसीजी निघाला का, सलाइन गेल्यावर नाडी उतरली का, औषधानंतर दुखणं दहापैकी किती राहिलं, हे तू स्वतः खाटेपाशी जाऊन बघ आणि विचारायच्या आधी येऊन सांग. विद्यार्थ्यांमध्ये हे फार कमी जण करतात आणि अटेंडिंगच्या लक्षात मात्र हमखास राहतं. सुट्टी देताना घरी काय झालं तर लगेच परत यायचं हे ‘रुग्णाला मी समजावून सांगते’ असं म्हण. नर्सने ‘त्या चार नंबरच्या बेडचं मला ठीक दिसत नाही’ म्हटलं, तर हातातलं सोडून जा. वीस वर्षं ईडीत काढलेल्या नर्सच्या नजरेला तिथे फार मान आहे, आणि ती तुझ्याबद्दल जे बोलते तेही स्लोपर्यंत पोचतं.

हाताच्या कामात तू पुढे असशील. कॅज्युअल्टीत टाके, कॅथेटर, एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) केले असशील, तिथल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी एवढे केलेले नसतात. तरी न विचारता हात घालू नकोस. शिरेत लाइन टाकणं तिथे नर्स आणि टेक्निशियनचं काम आहे. ‘मी टाके घालू शकते, तुम्ही बघत उभे राहाल का?’ असं रेसिडेंटला विचार, संधी मिळते. रुग्णाला आत शिरताच नाव सांग आणि मी विद्यार्थिनी आहे हे सांग. कपडे बाजूला करण्याआधी परवानगी घे, पडदा ओढ. रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर फोनवरचा किंवा व्हिडिओवरचा दुभाषा बोलवायचा, नातेवाइकाकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. आणि एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते: ईसीजीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची आपल्याकडची सवय विमानात बसण्याआधी मोडून टाक. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा हा १९९६ चा कायदा तिथे अत्यंत कडकपणे पाळला जातो. अशा एका फोटोवर रोटेशन तिथल्या तिथे थांबू शकतं.

एमटाला हा १९८६ चा कायदाही वाचून जा. ईडीच्या दारात आलेल्या कुणालाही, पैसे असोत-नसोत, तपासायला आणि धोका असेल तर स्थिर करायला हॉस्पिटल बांधील असतं. त्यामुळे तिथे तुला हार्ट अटॅकच्या शेजारच्या खाटेवर रात्र काढायला आलेला बेघर माणूस दिसेल. त्याच्याशी तू कशी बोलतेस, हेही बघितलं जातं. आणि खरं सांगायचं तर, ते बघण्यासाठी नसलं तरी त्याच्याशी नीटच बोलायला हवं. त्याच्या पायाचे मोजे काढून बघायला विसरू नकोस, जखमा तिथेच लपलेल्या असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. बीएलएस हा जीव वाचवण्याचा प्राथमिक कोर्स करून ठेव, त्यापुढचा एसीएलएस असेल तर चांगलंच. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हेपटायटिस बीचे अँटिबॉडी रिपोर्ट लागतील, लसीचं जुनं कार्ड बऱ्याचदा पुरत नाही. बीसीजी घेतलेली असल्याने त्वचेवरची टीबीची चाचणी आपल्यात उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून आयजीआरए ही रक्ताची चाचणी चालेल का ते आधीच विचार. व्हिसा बी-वन. मेडिकल स्कूलच्या हॉस्पिटलमध्ये बिनपगारी इलेक्टिव्ह करायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासाठी त्यात तरतूद आहे. विद्यापीठाचं पत्र बरोबर ठेव आणि मुलाखतीत खरं कारण सांग. कन्सल्टन्सीवाले ‘फिरायला चालले म्हणून सांगा’ असं शिकवतात, ते अजिबात ऐकू नकोस. पुढे रेसिडेन्सीसाठी जे-वन व्हिसा मागायला याच वकिलातीत जायचं आहे.

या आठवड्यात डीन ऑफिसमध्ये दोन प्रश्न घेऊन जा: आपलं कॉलेज व्हीएसएलओमध्ये आहे का, आणि इंटर्नला परदेशी इलेक्टिव्हसाठी रजा कोण मंजूर करतं. उत्तरं मिळाली की कळव. ‘नाही’ मिळालं तर थेट अर्ज घेणाऱ्या विद्यापीठांना लिहायच्या ईमेलचा मसुदा पाठव, मी बघून देईन.